प्रस्तार आणि निवड : नियमजन्य कलेची आपली पूर्वपीठिका



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत गणितही शिकविले आणि मराठीही शिकविले, असे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकले आहे. आज हे दोन विषय दोन वेगळ्या माणसांचे झाले आहेत. गणिताचा शिक्षक कवितेकडे वळत नाही आणि माझ्यासारखा मराठीचा अध्यापक आकडे दिसले की पान उलटतो. गुरुजींच्या स्मृतीला साजेल असा विषय या दोहोंच्या बांधावरचा असावा, असे मला वाटले आणि म्हणून 'नियमजन्य कला' हा विषय मी निवडला.

नियमजन्य कला म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. चित्रकार साधारणपणे चित्र काढतो. या कलेत तो चित्र काढीत नाही, चित्र कसे निघावे याचा नियम लिहितो. तो नियम संगणकाला देतो आणि संगणक त्या नियमानुसार एक नव्हे, हजारो चित्रे काढून दाखवितो. सूर, नक्षी, कापडावरचे छाप, इमारतीचे आराखडे, छापावयाची अक्षरे, हे सारे अशा रीतीने घडविता येते आणि सांप्रत घडविले जातही आहे. इ. स. २०२२ पासून तर साध्या वाक्यात मागणी केली की चित्र हजर करणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. पांढुर्णा-सौसर भागातील एका कलाशिक्षकांनी मला सांगितले की, रांगोळीच्या स्पर्धेसाठी मुले आता नमुना भ्रमणध्वनीतून घेऊन येतात आणि विचारतात, "सर, हे यंत्र क्षणात काढते, मग आम्ही हात कशाला बसवायचा?"

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, रास्त आहे. त्याला उत्तर देण्यासाठी केवळ संगणकाचा इतिहास पुरेसा नाही. नियमातून कलाकृती निर्माण करण्याचा विचार आपल्याकडे शेकडो वर्षे झालेला आहे. त्यातील एक फार महत्त्वाचे पान मराठी मुलखातच, देवगिरीच्या यादवांच्या राजवटीत लिहिले गेले. ते पान आज आपणांसमोर उघडावे, एवढाच माझा हेतू आहे.

१. यंत्राच्या हातचे चित्र

प्रथम अलीकडचा इतिहास थोडक्यात पाहू. इ. स. १९५७ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅक्सन यांनी संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठी एक रचना करून घेतली. त्यांची पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. यंत्र यदृच्छेने स्वर काढीत असे आणि पाश्चात्त्य संगीताच्या नियमांत न बसणारे स्वर टाकून देत असे. इ. स. १९६५ च्या फेब्रुवारीत जर्मनीतील स्टुटगार्ट येथे गेओर्ग नेस यांनी संगणकाने काढलेली रेखाचित्रे मांडली. जमलेल्या चित्रकारांना ती पाहून राग आला. त्याच वर्षी न्यूयॉर्क येथे मायकेल नोल आणि बेला युलेश यांचेही असेच प्रदर्शन झाले. नोल यांनी पीट मोंद्रियान या विख्यात चित्रकाराच्या एका चित्राशेजारी तशाच धाटणीचे संगणकाचे चित्र ठेवून शंभर जणांना विचारले. त्यांतील ५९ जणांना संगणकाचे चित्र अधिक आवडले आणि संगणकाचे चित्र कोणते, हे अवघ्या २८ जणांना बरोबर ओळखता आले.

फ्रान्समध्ये काम केलेल्या हंगेरियन चित्रकर्त्री व्हेरा मोल्नार (१९२४-२०२३) यांची कथा याहून उद्बोधक आहे. संगणक हाती येण्यापूर्वीच, १९५९ पासून, त्या स्वतःसाठी कडक नियम ठरवून हाताने चित्रांच्या मालिका काढीत. या रीतीला त्या 'कल्पित यंत्र' म्हणत. १९६८ मध्ये त्यांना खरा संगणक मिळाला, तेव्हा त्यांच्या विचारात काही नवे आले नाही. फक्त हाताचे श्रम कमी झाले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या कलेचा प्राण यंत्रात नाही, नियमात आहे. मग नियमाचा इतिहास यंत्राच्या इतिहासाहून जुना असणार, हे ओघानेच आले.

२. छंदःशास्त्रातील प्रस्तार

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. शाळेत आपण सर्वांनी गण पाठ केले आहेत. लघू आणि गुरू अशी दोन प्रकारची अक्षरे. तीन अक्षरांचा एक गण. असे गण आठ. आठच का? कारण प्रत्येक जागी दोन शक्यता आणि जागा तीन. दोन गुणिले दोन गुणिले दोन बरोबर आठ. पिंगलाचे छंदःशास्त्र दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे मानले जाते आणि त्यात हा हिशेब आहे. मात्र पिंगल केवळ संख्या सांगून थांबत नाही. सर्व रूपे एकही न गाळता आणि एकही दुबार न येता क्रमाने कशी मांडावीत, याचाही विचार तो करतो. या मांडणीस 'प्रस्तार' म्हणतात.

पुढे केदारभट्टाने 'वृत्तरत्नाकरा'त प्रस्ताराचा जो नियम दिला, तो कोणत्याही संगणकाला जसाच्या तसा देता येईल. पहिल्या ओळीत सर्व गुरू मांडावेत. पुढच्या ओळीसाठी वरच्या ओळीत डावीकडून जो पहिला गुरू भेटेल, त्याच्याखाली लघू लिहावा. त्याच्या उजवीकडे वरचेच उतरवावे. डावीकडे सर्व गुरू भरावेत. सर्व लघू होईपर्यंत हे करीत जावे. तीन अक्षरांसाठी असे करून पाहा. म, य, र, स, त, ज, भ, न या क्रमाने आठ गण उभे राहतात. छंदाच्या जुन्या पुस्तकांत गणांचा हाच क्रम आढळतो. तो मनमानीने आलेला नाही, नियमातून आला आहे.

याच्याच जोडीला दोन प्रश्न येतात. प्रस्तारातील अमुक क्रमांकाचे रूप कोणते, हा 'नष्ट' प्रश्न. आणि अमुक रूपाचा क्रमांक कोणता, हा 'उद्दिष्ट' प्रश्न. नष्टाची रीत अशी : संख्या सम असेल तर लघू लिहून तिचे अर्धे करा, विषम असेल तर गुरू लिहून, एक मिळवून अर्धे करा. सहावा गण हवा आहे. सहा सम, म्हणून लघू, उरले तीन. तीन विषम, म्हणून गुरू; एक मिळवून अर्धे केले, उरले दोन. दोन सम, म्हणून लघू. लघू-गुरू-लघू हा ज-गण झाला आणि प्रस्तारात तो सहावाच आहे. संगणक सर्व काही शून्य आणि एक या दोन अंकांत लिहितो, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच विचाराचा हा जुना आविष्कार होय.

गण लक्षात ठेवण्यासाठी 'यमाताराजभानसलगम्' हे सूत्र आपण घोकले. त्यातील कोणतीही लागोपाठची तीन अक्षरे घ्या, पहिल्या अक्षराच्या नावाचा गण मिळतो : यमाता, मातारा, ताराज, याप्रमाणे शेवटच्या सलगम् पर्यंत. दहा अक्षरांत आठही गण बसविले आहेत आणि एकही दुबार आलेला नाही. अशा मालिकांवर डच गणिती दे ब्रॉइन यांनी १९४६ मध्ये निबंध लिहिला आणि गणितात त्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. आपल्याकडे हे सूत्र कोणी रचले, त्याचे नाव कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत.

मात्रावृत्तांचा हिशेब आणखी मनोरंजक आहे. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. आठ मात्रांच्या चरणाची रूपे किती? उत्तर ३४. एक मात्रेपासून मोजत गेल्यास १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ अशी मालिका मिळते. प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज. विरहांकाने आणि पुढे बाराव्या शतकात गुजरातेतील हेमचंद्राने ही रीत सांगितली. जगात ही मालिका फिबोनाची या इटालियन गणित्याच्या नावाने ओळखली जाते. त्याचा ग्रंथ १२०२ चा आहे.

३. देवगिरीचा हिशेबनीस

आता यादवकाळाकडे येऊ. भास्कराचार्यांची 'लीलावती' साधारण ११५० ची. तीत अंकपाश नावाचे प्रकरण आहे. विष्णूच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा आणि पद्म यांची अदलाबदल केली, तर मूर्तीचे २४ प्रकार होतात. शिवाच्या दहा हातांतील दहा वस्तू बदलल्या, तर ३६,२८,८०० होतात, असे उदाहरण भास्कराचार्य देतात. या गणिताचा उपयोग कोठे होतो, हेही ते सांगतात : छंदात, शिल्पात आणि वैद्यकात. गणित, कविता आणि कारागिरी यांच्यामध्ये त्यांनी भिंत घातलेली नाही.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. शके ११२८ च्या सुमाराचा त्याचा शिलालेख तेथे आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. मराठी भाषेच्या अभ्यासकाला हा लेख फार जवळचा, कारण त्याचा मुख्य भाग संस्कृत असला तरी मठाला द्यावयाच्या दानाचा तपशील तत्कालीन मराठीत आहे. आपल्या भाषेच्या जुन्या लेखी नमुन्यांपैकी एक गणिताच्या पाठशाळेसाठी लिहिला गेला, ही गोष्ट मराठीच्या वर्गात आवर्जून सांगितली पाहिजे.

याच सिंघणाच्या राजवटीत देवगिरीस शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत आले. वडील सोढल हे आधी भिल्लमाच्या आणि मग सिंघणाच्या सेवेत होते. शार्ङ्गदेव स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. दिवसभर वसुलाचे आकडे पाहणाऱ्या या माणसाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. आपल्या संगीताच्या इतिहासात त्याच्या तोडीचे ग्रंथ फार थोडे आहेत.

ग्रंथाच्या पहिल्या, म्हणजे स्वरगताध्यायात, स्वरांच्या प्रस्ताराचे प्रकरण आहे. सात स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन किती रीतींनी मांडता येतील? ५,०४०. शार्ङ्गदेव ५६ मूर्च्छना मानतो. त्या प्रत्येकीच्या ५,०४० म्हणजे एकूण २,८२,२४०. क्रम सोडून स्वर घेणाऱ्या या तानांना तो कूटतान म्हणतो. त्या क्रमाने कशा लिहाव्यात, याचा नियम छंदाच्या नियमाचा सख्खा भाऊ शोभेल असा आहे : वरच्या ओळीत डावीकडून पाहत जावे, ज्या स्वराच्या डावीकडे त्याहून खालचा स्वर पहिल्यांदा सापडेल, त्याच्याखाली तो लगतचा खालचा स्वर लिहावा, उजवीकडचे तसेच उतरवावे, उरलेले स्वर डावीकडे चढत्या क्रमाने भरावेत. सा, रे, ग या तिघांना हा नियम लावला की सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा अशा सहा ताना क्रमाने उतरतात आणि काम आपोआप संपते.

पण ५,०४० ओळी लिहीत कोण बसणार? म्हणून शार्ङ्गदेव 'खंडमेरू' नावाचे कोष्टक देतो. सात उभे रकाने. पहिल्यात फक्त १. पुढच्या प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर शून्य आणि खाली ठरलेल्या संख्येच्या पटी : दुसऱ्यात १, तिसऱ्यात २, ४, चौथ्यात ६, १२, १८, पाचव्यात २४ च्या, सहाव्यात १२० च्या आणि सातव्यात ७२० च्या पटी. या घरांवर खडे ठेवून उत्तर काढावयाचे.

आपण हजारावी तान शोधू. कोष्टकातून अशा संख्या उचलायच्या की त्यांची बेरीज हजार होईल : ७२०, २४०, २४, १२, २, १ आणि पहिल्या रकान्यातील १. झाले १,०००. आता सा, रे, ग, म, प, ध, नि ही ओळ घ्या. सातव्या रकान्यात शून्याखालचे पहिले घर, म्हणजे शेवटच्या स्वरापासून एक पाऊल मागे : ध. हा तानेचा अखेरचा स्वर. उरलेल्यांत सहाव्या रकान्यासाठी दोन पावले मागे : म. मग एक पाऊल : प. मग दोन : रे. मग एक : ग. मग एक : सा. उरला नि. तेव्हा हजारावी तान आहे नि सा ग रे प म ध. विद्यार्थ्यांनी घरी गेल्यावर ५,०४० पैकी कोणताही आकडा घेऊन हा खेळ करून पाहावा. सात रकाने आणि मूठभर खडे पुरतात, वीजही लागत नाही.

पाश्चात्त्य संगणकशास्त्रज्ञांनाही या परंपरेची दखल घ्यावी लागली आहे. संगणकशास्त्राचा पायाभूत मानला जाणारा ग्रंथ लिहिणारे डोनल्ड क्नुथ यांनी अशा मांडण्यांचा इतिहास सांगताना भारतीय छंदःशास्त्राचा निर्देश केला आहे. तो वाचून आपला ऊर भरून यावा हे स्वाभाविक आहे. मात्र 'संगणक आमच्याकडे होताच' असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. आपल्याकडे यंत्र नव्हते. नियम होता आणि त्या नियमाविषयी एक परिपक्व समजही होती. ती समज मला अधिक मोलाची वाटते.

४. निवड कोणी करावी?

ती समज कोणती? 'संगीतरत्नाकरा'चे सात अध्याय आहेत : स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन. प्रस्ताराचे गणित पहिल्या अध्यायात एका बाजूला राहते. ताल अध्यायात ते पुन्हा येते. परंतु रागांचे वर्णन करताना शार्ङ्गदेव त्या २,८२,२४० तानांतून राग काढीत बसत नाही. तो २६४ राग सांगतो आणि ते परंपरेतून आलेले आहेत. तान आणि राग यांची मापे वेगळी आहेत, हे खरे. तरीही जो माणूस लाखो स्वररचनांचा हिशेब बोटांवर करू शकत होता, त्याने त्या हिशेबाला संगीत म्हटले नाही, हे विसरता येत नाही. प्रकीर्णक अध्यायात तो गायकाचे गुण आणि दोष सांगतो, आवाजाची जात सांगतो, गमक सांगतो. शक्य काय काय आहे हे त्याने गणितावर सोपविले आणि ग्राह्य काय आहे हे कानावर व परंपरेवर सोपविले.

हीच गोष्ट विसाव्या शतकात पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या कार्यात पुन्हा दिसते. सतराव्या शतकात दक्षिणेत व्यंकटमखीने ७२ मेळ गणिताने सिद्ध केले होते. एका मेळातून सात, सहा किंवा पाच स्वर घेऊन आरोहाच्या २२ आणि अवरोहाच्या २२ रीती होतात. म्हणून एका मेळाचे ४८४ राग आणि ७२ मेळांचे ३४,८४८. संगीताच्या पाठ्यपुस्तकांत हा हिशेब हमखास असतो. भातखंड्यांनी हे गणित जाणले आणि तरी उत्तर हिंदुस्थानी संगीतासाठी दहाच थाट ठेवले. गवयांच्या तोंडून बंदिशी ऐकत ते देशभर हिंडले होते. जे राग खरोखर गायले जात होते, ते बसविण्यास दहा थाट पुरे झाले. या दहांवर आक्षेप घेणारे आहेत. पण त्यांची वाट योग्य होती : आधी विस्तार जाणून घ्यावा, मग कानाने निवड करावी.

कवितेत पाहा. शार्दूलविक्रीडिताचा चरण १९ अक्षरांचा. एकोणीस अक्षरांच्या प्रस्तारात ५,२४,२८८ रूपे येतात आणि शार्दूलविक्रीडित हे त्यांतील एक. बाकीची सारी त्याच नियमाने आलेली आहेत, गणिताच्या दृष्टीने त्यांची योग्यता तितकीच आहे. तरी वामन-मोरोपंतांपासून मराठी कवींच्या जिभेवर ठरलेली थोडकीच रूपे रुळली. माधव जूलियन यांनी 'छंदोरचना' लिहिताना कवींनी प्रत्यक्ष वापरलेली वृत्ते तपासली, चालींवर चर्चा केली, केवळ प्रस्तार मांडला नाही. शिवाय ओवी आणि अभंग यांनी लघु-गुरूंचा हिशेबच बाजूला ठेवला, हे आपण जाणतोच. नियमाबाहेर पडण्याचा निर्णयही एक निवडच आहे.

याच्या उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. विष्णूच्या चार आयुधांची जी २४ रूपे भास्कराचार्यांनी मोजली, ती मूर्तिशास्त्राने सगळीच्या सगळी स्वीकारली. केशव, नारायण, माधव अशी संध्येतील चोवीस नावे म्हणजे तीच रूपे. शिल्पकारांनी ती दगडात कोरली. शिवाच्या छत्तीस लाखांना मात्र कोणी नावे दिली नाहीत. चोवीस रूपे भक्ताच्या स्मरणात मावतात, छत्तीस लाख मावत नाहीत. जे माणसाच्या ध्यानात, श्रद्धेत आणि हातात मावते, तेच कलेत टिकते.

५. अंगणातील नियम

हा झाला पंडितांचा इतिहास. आता अंगणात येऊ. आपले तिगाव नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे. १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. नंतर आपण मध्य प्रदेशात राहिलो आणि २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेरीची भाषा हिंदी झाली. घरात मराठी बोलली जाते आणि दारात सडा-रांगोळी होते. ठिपक्यांची रांगोळी ही नियमजन्य कलाच आहे. किती ठिपके, किती ओळी, ठिपके समोरासमोर की एकाआड एक, हे आधी ठरते. मग एका चतुर्थांशात जे जोडले, तेच उरलेल्या तीन भागांत फिरविले जाते. बायका नमुना सांगतात तोही सूत्ररूपाने : पंधरा ते एक, तेरा ते सात. एवढ्यावर दुसरी ती रांगोळी काढू शकते. गणिती भाषेत सांगायचे तर तिला आज्ञावली मिळालेली असते.

ही माझी कल्पना नव्हे. ताम्बरमच्या मद्रास ख्रिश्चन महाविद्यालयातील गिफ्ट सिरोमनी आणि राणी सिरोमनी यांनी, कमला कृतिवासन यांच्यासह, तमिळ स्त्रियांच्या कोलम रांगोळीचे व्याकरण संगणकाच्या भाषेत मांडले. तो निबंध १९७४ मध्ये संगणकचित्रांना वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. पहाटे अंगणात बसून स्त्रिया जे करीत होत्या, त्यातून संगणकशास्त्रात एक नवे प्रकरण उघडले.

मराठी मुलखात अक्षरांच्या बाबतीत असे काम झाले. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी मुंबईच्या आय.आय.टी.त अध्यापन केले आणि पुढे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातील संगणकतज्ज्ञांबरोबर भारतीय लिप्यांवर काम केले. विंडोज संगणकांवर वर्षानुवर्षे आपण जो 'मंगल' टंक पाहत आलो, तो त्यांचा. देवनागरीत जोडाक्षरे अगणित. त्यांतील प्रत्येक वेगळे कोरणे खिळ्यांच्या काळात किती कष्टाचे होते, हे जुन्या छापखान्यांना माहीत आहे. संगणकात अर्धे अक्षर, रफार, वेलांटी कोठे आणि कशी बसावी, याचे नियम लिहिले जातात आणि जोडाक्षर त्या नियमांतून उभे राहते. पण वळण कसे असावे, हे बोरूने अक्षर गिरविलेल्या हाताने ठरविले होते.

६. आजची यंत्रे आणि आपली शाळा

आजची चित्रे काढणारी यंत्रे पूर्वीच्या यंत्रांहून एका बाबतीत वेगळी आहेत. पिंगलाने, शार्ङ्गदेवाने, मोल्नारबाईंनी नियम स्वतः लिहिला होता. तो कोणालाही तपासता येई. आजच्या यंत्राला कोणी नियम लिहून देत नाही. माणसांनी काढलेली कोट्यवधी चित्रे, लिहिलेला अफाट मजकूर त्याच्यासमोर ठेवला जातो आणि त्यातून ते आपला नियम स्वतःच बांधते. तो अंकांच्या अशा राशीत दडलेला असतो की बांधणाऱ्यालाही तो वाचून दाखविता येत नाही. म्हणजे ज्याला आपण यंत्राची निवड म्हणतो, ती पूर्वीच्या असंख्य माणसांच्या निवडींची साठवण असते.

येथेच आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांचा प्रश्न उभा राहतो. ज्यांचे लिहिले गेले, छापले गेले, चित्रित झाले, त्यांच्या निवडी त्या साठ्यात गेल्या. या भागातील बोलीचे, सणांचे, अंगणातील रांगोळीचे किती लिहिले गेले आहे? मुलाने यंत्राकडे रांगोळी मागितली तर त्याला सुबक रांगोळी मिळेल. पण ती त्याच्या आजीची असणार नाही, कारण आजीचे पंधरा ते एकचे गणित कोठेही नोंदलेले नाही. ते तिच्या बोटांत आहे आणि तिच्याबरोबर जाईल. यंत्र आपली कला हिरावून घेईल, याची मला फारशी भीती वाटत नाही. आपण ती नोंदविली नाही आणि शिकलोही नाही, तर हिरावून घेण्यासारखे काही उरणारच नाही, याची भीती वाटते.

म्हणून त्या कलाशिक्षकांच्या विद्यार्थ्यांना मी असे उत्तर देईन. बाळांनो, विस्तार यंत्रावर सोपवा. त्यात कमीपणा नाही. शार्ङ्गदेवानेही ५,०४० ओळी लिहिण्याचे कष्ट कोष्टकावर सोपविले होते. पण लाखांतून एक उचलण्यासाठी डोळा तयार असावा लागतो, आणि डोळा तयार होतो तो हात बसल्यानेच. ज्याने शंभर रांगोळ्या स्वतः काढल्या आहेत, त्यालाच यंत्राच्या हजार रांगोळ्यांतील बरी कोणती ते कळेल. ज्याचा कान पाठ केलेल्या कवितांनी घडला आहे, त्यालाच यंत्राच्या ओळीतील लंगडी जागा ऐकू येईल.

शाळेला माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, गणित आणि मराठीच्या शिक्षकांनी वर्षातून काही तास एकत्र घ्यावेत. गणांचा प्रस्तार फळ्यावर करावा, खंडमेरूवर खडे ठेवून ताना शोधाव्यात आणि संगणक असेल तेथे तोच नियम मुलांकडून लिहून घ्यावा. नियम स्वतः लिहिणारा मुलगा यंत्राला घाबरतही नाही आणि त्याची पूजाही करीत नाही. दुसरी विनंती माजी विद्यार्थ्यांनाही आहे. तिगाव आणि आसपासच्या गावांतील रांगोळ्यांची एक वही शाळेने करावी. प्रत्येक नमुन्याखाली ठिपक्यांचे सूत्र, तो काढण्याचा प्रसंग आणि सांगणाऱ्या स्त्रीचे नाव तिच्या संमतीने लिहावे. यमाताराजभानसलगम् रचणाऱ्याचे नाव आपण हरवून बसलो. या मायबहिणींची नावे हरवू नयेत.